शिमल्यात काय नाय

जगात जाण्यासारखी एकही जागा नाही, हे ज्याला मनापासून पटलेलं आहे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या शाळेचा रिक्षावाला. शाळा उस्मानपुऱ्यात आहे. मी तिथं पोरांची खिचडी शिजवते आणि राहते छावणी नावाच्या वस्तीत. छावणीतली आठ पोरं तो रोज नेतो, त्यांच्यात नववी मी. पोरं त्याला मामा म्हणतात. तो मला मावशी म्हणतो, आणि वयानं माझ्याहून फार लहान नसल्यामुळं ते मला आवडत नाही. माणूस चांगला उंच, पण हँडलवर असा वाकून बसतो की मयतीहून परत चाललाय असं वाटावं. आभाळ भरून आलं तर म्हणतो, 'पडणार नाय.' पडला तर म्हणतो, 'आता थांबणार नाय.' एकदा एका पोरानं चित्रकलेत पहिला नंबर आल्याचं सांगितलं, तर हा म्हणाला, 'पहिला आलास, आता खालीच यायचंय.' पण टायरमधली हवा, ब्रेक आणि आठही पोरांच्या दप्तरांचे बंद तो रोज तपासतो. ज्याचा कशावरच भरवसा नाही त्याची रिक्षा उलटत नाही, म्हणून मी तिच्यात बसते.

मार्च संपला की या रिक्षात एक रोग शिरतो. सुट्टीत कोण कुठं जाणार, हा तो रोग. गेल्या वर्षी दुसरीतली एक पोरगी विमानानं काश्मीरला निघाली होती आणि ही गोष्ट ती रोज नव्यानं सांगायची. बाकीची पोरं ते ऐकून काय करायची, ते मी बसल्या जागेवरून बघायची. एकजण पाण्याच्या बाटलीचं टोपण चावायचा. एकजण कुणी विचारलं नसताना म्हणायचा, आमच्याकडं नवा कूलर आलाय. एकाचं पोट दुखायला लागायचं आणि काश्मीर संपलं की थांबायचं. त्या वयात मत्सर लपवता येत नाही, वाहत्या नाकासारखा सगळ्यांना दिसतो. मोठेपणी रुमाल मिळतो, एवढाच फरक.

यावर मामाचा एक इलाज होता. पोरानं जागेचं नाव घेतलं रे घेतलं की तो त्या जागेची पार माती करायचा. 'काश्मीर? तिथं कान गारठून दगड व्हत्यात.' 'गोवा? चड्डीत वाळू जाती, महिनाभर निघत नाय.' 'महाबळेश्वर? माकडं हातातलं खात्यात, मग हात खात्यात.' एक पोरगा बिचारा गंगापूरला आजोळी जाणार होता, त्यालाही सोडलं नाही. 'गंगापूरला काय हाय? ऊस अन् धूळ. मी तिथलाच हाय, मला शिकवतो व्हय?' काश्मीरवाली रडकुंडीला यायची, कूलरवाल्याच्या तोंडावर हसू यायचं, आणि मामा समाधानानं आणखी थोडा वाकायचा. मी एकदा विचारलं, 'यातलं तुम्ही काय पाहिलंय?' तो म्हणाला, 'मावशी, बघायला कशाला जायचं? गेलेली माणसं परत येत्यात की. चांगलं असतं तर तिथंच ऱ्हायली नसती का?'

त्या आठांत गौरी नावाची एक होती, तीही दुसरीतलीच. बाप वॉचमन, आई लोकांच्या घरी पोळ्या करते. ती कुठंच जाणार नव्हती. हे कळल्यावर मामाला आनंद झाला, आणि तो प्रकार दुर्मिळ. रोज तिच्याकडं मान वळवून म्हणायचा, 'ही बघा शहाणी. कुठंच चालली नाय. शिका काहीतरी हिच्याकडून.' रोज सात डोकी तिच्याकडं वळायची. त्याला वाटायचं, आपण पोरीला वर चढवतोय. ती मात्र रोज बोटभर लहान व्हायची. मला ते दिसत होतं आणि मी बोलले नाही. पोरांच्या भानगडीत पडायचं नाही, असा माझा नियम होता. शेवटच्या शनिवारी त्यानं पुन्हा 'ही बघा शहाणी' म्हटलं, तशी गौरी दप्तर छातीशी धरून म्हणाली, 'मी पण चाललेय. शिमल्याला. लई दिवस.'

आरशात मला मामाचा चेहरा दिसला. त्याचं एकुलतं एक शहाणं माणूस गेलं होतं. पण सवय ती सवय. तो म्हणाला, 'शिमल्यात काय नाय. नुसते चढ.'

सुट्टी लागली. मे निम्मा झाल्यावर गौरीची आई माझ्याकडं आली. 'मावशी, पोरगी उंबऱ्याबाहेर पाय टाकंना. पाणी यायच्या दिवशी सगळी गल्ली पाइप घेऊन बाहेर असती, तर ही पलंगाखाली. गोळेवाल्याची घंटी वाजली तरी उठंना. खिडकी लावून घेती. काही बाहेरचं तर नसंल?'

बाहेरचं काही नव्हतं. शिमल्याला गेलेली पोरगी छावणीतल्या नळावर कशी दिसणार? मेचं ऊन, पत्र्याचं घर, खिडकी बंद, आणि आत सात वर्षांची पोर आपलं खोटं सांभाळत बसलेली. मी जाऊन मामाला सांगितलं. तो हँडलवर डोकं ठेवून बसला. 'हे मी केलं,' म्हणाला. 'तुम्हीच केलं,' मी म्हणाले. मला वाटलं, तो म्हणेल, पोरीला खरं बोलायला सांगा, पोरं दोन दिवस हसतील आणि विसरतील. पण माणसं विसरतात यावर त्याचा विश्वास नाही. डोकं वर करून म्हणाला, 'गेलीय ना? मग आणावी लागंल.'

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, गल्ली झोपलेली असताना, त्यानं मागच्या बोळात रिक्षा लावली. गौरीला आईच्या ओढणीत गुंडाळून आत बसवली, तिच्या आईनं एका बॅगेत दोन फ्रॉक आणि घोंगडी भरून दिली, आणि सोबतीला मी. स्टेशन आल्यावर मी म्हणाले, 'आलं स्टेशन, फिरवा आता.' तो म्हणाला, 'गाडी आल्याबिगर माणूस कसा यील?' मग त्यानं प्लॅटफॉर्मची तिकिटं काढली. दिल्लीकडून येणारी गाडी दोन तास उशिरा होती. आम्ही बाकावर बसून राहिलो. तिथंच कळलं की हा माणूस जन्मात आगगाडीत बसलेला नाही.

गौरीनं विचारलं, 'मामा, शिमल्यात खरंच काय नाय?'

तो रुळांकडं बघत राहिला. 'असंल काहीतरी,' म्हणाला. 'एवढी माणसं जात्यात.'

गाडी आली. उतरलेल्या गर्दीत आम्ही मिसळलो आणि बॅग घेऊन बाहेर पडलो. गाडी पुढं निघाली तरी मामा मागं वळून बघत होता. मी हाक मारली तेव्हा आला.

या वेळी रिक्षा पुढच्या रस्त्यानं, हॉर्न वाजवत गल्लीत शिरली. पोरं धावत आली. काश्मीरवालीही परतली होती. सगळ्यात आधी तिनंच विचारलं, 'कसं आहे शिमला?'

मामानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गौरी बॅगेवर हात ठेवून म्हणाली, 'तिथं दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. बाहेर येताच येत नाय. सगळ्यांचे आवाज ऐकू येतात फक्त.'

'आमच्याकडं पण थंडी होती,' काश्मीरवाली म्हणाली, आणि दोघी गोळेवाल्याकडं पळाल्या.

त्यानंतर मामा सुधारला, असं काही झालं नाही. आभाळ भरून आलं तर पडणार नाय, हे अजून आहेच. पण यंदा मार्च संपला, रिक्षात पुन्हा सुट्टीची नावं निघायला लागली, तेव्हा तो गप्प गाडी चालवत राहिला. पोरं उतरल्यावर मला म्हणाला, 'मावशी, शिमला इथून किती लांब असंल?'

'मला काय ठाऊक? मी चौथी शिकलेली,' मी म्हणाले.

'जायचं नाय,' तो म्हणाला. 'नुसतं इचारलं.'