कच्च्या शिलाईची खुनी

दाक्षायणीला कुणी काही विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं: "कायबी चालंल." लग्नाच्या साडीचा रंग सासूने ठरवला, मंद्रूप गाव सोडून शहरातल्या भवानी पेठेत कुठली खोली घ्यायची ते दिराने ठरवलं. गणवेशांच्या कारखान्यात कॉलर लावायला बसवलं, ती बसली. असल्या बाईने खुनी व्हावं, हे कुणाला पटेल का? पण झाली खरी, आणि तीही याच सवयीपायी.

कारखान्याचे कटिंग मास्तर अतीकभाई यांना एका खेळाचं वेड. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडून ते शिकून आले होते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. आपल्या माणसाने काय करायचं ते आपण ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फाशाला विचारायचं. सुट्टीच्या दुपारी कापड कापायच्या मोठ्या टेबलाभोवती मंडळी जमायची. दाक्षायणी पहिल्यांदा आली तेव्हा अतीकभाईंनी विचारलं, "बाई, तुमाला कोन व्हायचंय?"

"कुनीबी," ती पुटपुटली.

शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटात 'बी' वाहून गेलं, उरलं नुसतं 'कुनी'. मंद्रूपकडची माणसं खुर्चीला कुर्ची म्हणतात हे अतीकभाईंना पक्कं ठाऊक. त्यांनी मोठ्या हुशारीने 'क'चा 'ख' करून घेतला आणि टेबलावर थाप मारली. "खुनी! वा बाई, दिसता गरीब, पन लई पोचलेल्या निघाला की!" सगळे खूश. गोष्टीतली कट्यार आणि विषाची कुपी तिच्या हवाली झाली. एवढ्या कौतुकावर विरजण कशाला, म्हणून बाई गप्प बसली.

महिने गेले. ती दुपार तिला मनापासून आवडायला लागली. आठवड्यात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. फक्त खून तेवढा तिच्याच्याने होत नव्हता. फासा टाकताना ती मनात म्हणायची, देवा, फसू दे. आणि एकदा गोष्ट नेमकी तिथे येऊन थांबली, जिथे किल्ल्याच्या दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तिनेच मारायचं होतं. सुटका नव्हती, कारण अतीकभाईंचा नियम कडक होता: एकदा कात्री चालली की चालली, पात्र बदलायचं नाही.

पुढच्या सुट्टीला ती आली ती निरोप घ्यायला. दारातच उभी राहिली. "मी आता येनार न्हाय, अतीकभाई. माझ्यानं मानूस मारवत न्हाय."

"मग खुनी झालात कशाला?"

"मी कुटं खुनी म्हनलं? कुनीबी म्हनलं हुतं."

अक्कलकोटचा शिवपुत्र कारखान्यात इस्त्रीला होता आणि खेळातही असायचा. तो पोट धरधरून हसला. अतीकभाईंना मात्र हसू आलं नाही. "माझी चूक, आन् इतकं दिवस तुमी वागवली? बोलायचं तरी!" त्यांनी टेबलावरची कात्री बाजूला सारली. "माझे अब्बा शिंपी. गिऱ्हाइकाच्या अंगाला लावल्याशिवाय पक्की शिलाई मारायचे न्हाईत. आदी कच्ची. आवळलं तर उसवायची. मीच विसरलो. आजपासून हितं समद्यांची कच्ची शिलाई. माफ करा बाई, आन् बसा."

"पन मास्तर, हिच्या भरवशावर आमी किल्ल्यात शिरलोय की!" शिवपुत्र कुरकुरला.

"ते गोष्टीत मी निस्तरतो. तुला खुनी पायजे का बाई पायजे?"

"बाईच पायजे," शिवपुत्र खाली मान घालून म्हणाला.

चुकलेलं उसवता येतं, आणि उसवून देणारा वर माफीही मागतो, असं दाक्षायणीच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं. "लई उपकार झालं, भाई," ती म्हणाली. आजही अतीकभाईंचं नाव निघालं की ती हेच म्हणते.

"उपकार नक्को. बोला, कोन व्हायचंय?"

तिला पटकन सुचेना. शिवपुत्रने सुचवायला तोंड उघडलं, तर अतीकभाईंनी डोळे वटारले. चहा निवला तरी कुणी घाई केली नाही.

"नावाडी," ती म्हणाली. "होडी माझी. कुटं न्यायची ते मी ठरवनार."

"मग आमाला किल्ल्यातनं सोडवायला येता का, ताई?" शिवपुत्रने लगेच विचारलं.

"येते की," दाक्षायणी म्हणाली, "पन आदी जरा एकटीनं नदीवर हिंडून येते."