दार लावा, मग तपासा

माफ करा. असल्या गोष्टीवर मी लिहावं का, मला अजून कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आणि लिहितोय हे.

परभणीच्या दवाखान्यात टेबलावर आडवा होतो. पायजमा गुडघ्याखाली. डॉक्टरांनी दार उघडंच ठेवलेलं. बाहेर बाकावर गावाकडची माणसं. कंपाउंडर त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इद्यापीठाचं नाव बदलायला निगाले. आदी सोताचं बगा म्हणावं!"

बाक हसलं.

नामांतराच्या मोर्चातून परतताना पाटलाच्या पोरानं माझ्या कमरेत कुऱ्हाडीचा दांडा घातला होता; मी पोलिसात केस केली. कमरेची जखम भरून आली. खाली मात्र बधिर राहिलं. लग्न झालं आणि कळलं, शरीर साथ देत नाही. सासरे लेकीला न्यायला आले. ती म्हणाली, "आदी खरं काय ते कळू द्या, बाबा. मंग बगू."

डॉक्टर म्हणाले, "मनाचा आजार. नाहीतर केस मजबूत करायचं नाटक."

पाटलाच्या ओसरीवर मी या डॉक्टरांना चहा पिताना पाहिलं होतं.

मग नसांची तपासणी. त्यांनी नादकाटा वाजवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाजवतो तोच. हाताच्या बोटावर टेकवला, थरथर कळली. गुडघ्यावर कळली. तिथे टेकवला. काही नाही. मग दिसलं, मधूनच ते काटा मुठीत धरून गप्प करतात आणि विचारतात, "आता?" मला खोट्यात पकडायला.

मी उठून बसलो.

"दार लावा. मग मी डोळे मिटतो. वाजता ठेवा, गप्प ठेवा. हवं तितक्या वेळा."

"आवाज खाली."

"दार लावा."

शेवटी त्यांनीच उठून लावलं. काटा झाला, टाचणी झाली. मी डोळे मिटून उत्तरं दिली. ते कागदावर लिहीत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या."

बायकोला घेऊन गेलो. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मनाचं नाही. कमरेच्या माराने नसा गेल्यात. परत येतील असं सांगवत नाही."

ती म्हणाली, "मंग हेच कोर्टात सांगा की, डॉक्टरसाब."

"मला त्यात ओढू नका."

ती माहेरी गेली नाही. जिंतूरच्या कोर्टात तारीख लागली आहे. डॉक्टर येवोत, न येवोत. पाटलाच्या पोरासमोर, सगळ्या गावासमोर मी हे माझ्या तोंडानं सांगणार आहे.

त्या दिवशी दार उघडंच राहू द्या.