गळा दाबण्याची रीत

स्वारगेटच्या सिग्नलला मी रोज तीन-चार माणसं मारतो. मनातल्या मनात, पण अगदी व्यवस्थित. उलट्या बाजूने घुसून माझ्या स्कूटरला घासणाऱ्याला हेल्मेटने, हॉर्नवर हात ठेवून बसलेल्याला त्याच्याच खिडकीतून बाहेर ओढून. दात पडतात, नाक फुटतं, माझ्या शर्टावर उडालेलं रक्तही मला दिसतं. मग दिवा हिरवा होतो आणि मी त्याच माणसाला हात करून "जा, जा आधी" म्हणतो. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती की माझी बुद्धी शाबूत आहे. कल्पनेने कितीही धिंगाणा घातला तरी वेळेवर तिचा कान धरणारं कोणीतरी घरात आहे. ही समजूत मी पन्नाशीपर्यंत मोठ्या अभिमानाने बाळगली.

मी वाढलो लोणी काळभोरला. नोकरीसाठी शहरात आलो, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून झालो आणि रविवारी सकाळी हौशी नाटकं करू लागलो. तेवढीच याच्या डोक्याला वाट मिळते, असं माझी बायको लोकांना सांगते. मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेचा रिकामा वर्ग आम्हाला तालमीला मिळायचा. नाटक बसवणाऱ्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी मी कोणावर तरी आवाज चढवला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपण इथे नाटक करायला जमतो. रागवायला तुम्हाला घर आहे."

गेल्या वर्षीच्या एकांकिकेत दोन भाऊ होते. आई गेल्याचं थोरल्याने धाकट्याला कळवलंच नाही. धाकटा दहा दिवसांनी येतो, त्याला कळतं, आणि तो थोरल्याचा गळा दाबतो. धाकटा मी. थोरला माझा मित्र, तिसरीच्या वर्गाचा मास्तर. त्याचा आवाज असा की शाळा सुटली तरी पोरं गोष्ट संपेपर्यंत उठायची नाहीत. मी त्याला मित्र म्हणतो खरा, पण रागाच्या भरात माझ्या तोंडून कधी "आहे"च्या जागी गावाकडचं "हाय" निसटलं की तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "वा, आली यांची बैलगाडी." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि हसताना दाढा आवळायचो. बारा वर्षं हे चाललं होतं.

नाटकात गळा दाबायची एक रीत असते आणि ती बाईंनी आमच्याकडून पाढ्यासारखी घोटून घेतली होती. दाबणाऱ्याने दाबायचंच नाही. हात गळ्याच्या खाली, हाडांवर नुसते टेकवायचे. जोर लावायचा तो मरणाऱ्याने: त्याने मनगटं धरून ती आपल्याच अंगाकडे ओढायची, म्हणजे समोरच्याला वाटतं की तो सुटायला धडपडतोय. लगाम सगळा मार खाणाऱ्याच्या हातात. आठ आकडे मोजायचे आणि सोडायचं. मध्येच काही चुकलं, तर मरणाऱ्याने कोपरावर दोनदा थापटायचं, की हात उचलायचे. "कल्पना मोकळी सोडायची असेल," बाई म्हणायच्या, "तर आधी हात बांधून घ्या."

त्या रविवारी सकाळपासून मी पेटलेला होतो. आदल्या तालमीला बैलगाडी दोनदा येऊन गेली होती. प्रवेशाआधी मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि आई मेली असं मनात आणलं. माझी आई तेव्हा घरी पोहे करत होती, ठणठणीत. पण मी तिला घोंगडीवर निजवली, तिच्या नाकात कापूस घातला, "तुझी वाट बघत होते" असं तिच्या तोंडी घातलं. छाती भरून आली. वळलो तर समोर थोरला उभा.

हात टेकले. एक, दोन, तीन. अंगठे वर कधी सरकले ते मी सांगू शकणार नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. त्याची मान गरम होती आणि आत काहीतरी कडक, गोल, माझ्या अंगठ्यांखाली हलत होतं. मी दाबलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग काळपट. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. कोपरावर दोन थापट्या बसल्या. त्या मला कळल्या. मला वाटलं, थोरला गयावया करतोय. काय नट आहे हा, असंही वाटलं. मग आत काहीतरी कट्कन वाजलं आणि बाईंची छत्री माझ्या मनगटावर बसली.

तो खाली पडून खोकला तेव्हा फरशीवर रक्त आलं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो बोलायला तोंड उघडायचा, पण नुसती हवा यायची. स्वरयंत्राला मार बसला होता. ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज किती परत येईल ते डॉक्टर सांगेनात.

मी पार कोसळलो. रडलो, वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या पाया पडलो. माझं भान हरपलं होतं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. आणि नवल असं की ते सगळ्यांना पटलं. गटातला एक जण तर दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाला, "काय घुसला होतास रे भूमिकेत." मला लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, किंचित बरंही वाटलं. कल्पनेचा पूर आला आणि बुद्धी वाहून गेली, असं मी स्वतःलाही समजावलं. पुरात बुडालेल्याला दोष कसा द्यायचा? बाई मात्र मी दवाखान्यात आलो की उठून बाहेर जात.

दोन महिन्यांनी मित्राने घरी बोलावलं. मी पेरू घेऊन गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि दाराशी जाऊन बसल्या. तो खुर्चीत होता, गळ्याला मफलर. शाळेने त्याला वर्गातून काढून ग्रंथालयात बसवलं होतं. पहिल्या बाकापर्यंतही आवाज पोचत नव्हता. त्याने फोन पुढे केला. कोण कुठे उभं राहतं ते तपासायला बाई प्रत्येक तालीम कोपऱ्यातल्या फोनवर उतरवून ठेवत. हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मी पाहिलं. माझी पाठ, त्याचा चेहरा. थापट्या दोन नव्हत्या, सात होत्या. तिसरीनंतर त्याचा हात माझ्या कोपरावर आपटत होता. आम्हा दोघांपुढे, प्रेक्षक बसणार त्या बाजूला, एक लाकडी खुर्ची होती. चौथ्या थापटीला मी खाली बघतो, डावा पाय लांब करतो, पायाने ती खुर्ची हळूच हातभर बाजूला सारतो. पाऊल तिच्या आडव्या दांडीखाली घालून, आवाज होऊ नये म्हणून जराशी उचलून. मग त्याला खांद्यापासून थोडा उजेडाकडे वळवतो. आणि पुन्हा दाबतो.

भान हरपलेल्या माणसाला खुर्ची आडवी येतेय हे कळत नाही. माझी बुद्धी कुठेही वाहून गेली नव्हती. ती पूर्ण वेळ तिथेच होती, जागी, आणि कल्पनेला हवं ते एकेक करून देत होती.

"खुर्ची का सारलीस?" त्याने विचारलं. कागद घासल्यासारखा आवाज. मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

खोटं बोलता आलं असतं. दोन-तीन चांगली कारणं तिथल्या तिथे सुचलीही.

"तुझा चेहरा दिसावा म्हणून," मी म्हणालो. "प्रेक्षकांना."

त्याने मान हलवली, गणित जुळल्यावर मास्तर हलवतात तशी. वहिनी उठल्या, त्यांनी दार उघडलं आणि मी चपला घालेपर्यंत ते धरून उभ्या राहिल्या.