पडद्यामागचा खिसा

आमच्या धाकट्या आत्याला गल्लीतली मुलं हेडबाई म्हणतात. तिने आयुष्यात कधी कुणाला शिकवलेलं नाही. पण तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी आहे, ती जन्मापासून आहे असं माझे बाबा शपथेवर सांगतात, आणि तोंडाचे कोपरे कायमचे खाली वळलेले. ती नुसती बघत असली तरी आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं. खरं तर आमच्या घरातले सगळ्यात वाह्यात विनोद तिचेच. फक्त ते सांगताना ती स्वतः हसत नाही, त्यामुळे नव्या जावयांना ते विनोद होते हे कळायलाच वर्ष जातं.

आत्या शिवणकाम करते. लग्न केलं नाही. आमच्या घरासमोर तिची भाड्याची एक खोली आहे, खिडकीत मशीन, आणि त्या खोलीत तिचं राज्य. तरुणपणी ती ज्या शिलाईच्या दुकानात लागली, तिथेच राहिली. दुकानदार आजोबांच्या ओळखीचा होता, त्यामुळे मुलाखत नावाचा प्रकार तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. मग दुकानदार थकला, त्याच्या मुलांना दुकान नको होतं, एक दिवस शटर खाली आलं ते आलंच. पन्नाशी उलटल्यावर आत्या पहिल्यांदा काम मागायला बाहेर पडली.

तिचं काम चांगलं आहे हे मी सांगून उपयोग नाही, मी घरची. पण तिचं काम बघायला कुणी मागायचंच नाही. एके ठिकाणी मालकाने तिला आत बोलावलं, समोर बसवलं, आणि बोलता बोलता खुर्ची मागे सरकवली. दुसरीकडे म्हणाले, आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात, तुम्हाला जमेल असं वाटत नाही. तिसरीकडे म्हणाले, कळवतो. आत्या घरी येऊन म्हणाली, "नाही म्हणायचंय तर एवढं तरी कळवा."

बाबांनी सल्ला दिला की जरा हसत जा. तिने आरशासमोर मनापासून सराव केला. आम्ही बघत होतो, पण हसायची चोरी होती. पुढच्या मुलाखतीत ती तशी हसली, तर समोरच्या बाईंनी विचारलं, दाढ दुखतेय का, पाणी आणू? तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र म्हणाली, बाई मायाळू होती, काम नाही दिलं पण पाणी दिलं.

इकडे थोरल्या आत्याचे फोन सुरू झाले. ती लांब राहते, मोठं घर आहे, सुना नोकरीला जातात. नाहीतरी रिकामी बसलीस, ती खोली सोड आणि इकडे ये, नातवंडांकडे बघशील, मलाही सोबत होईल. तिचं प्रेम खरं होतं, आणि त्या प्रेमाला घरात एक हक्काची बाईही हवी होती. दोन्ही खरं. बाबांनाही ते पटायला लागलं होतं. धाकटी आत्या कुणाला उलट बोलली नाही. एका संध्याकाळी मशीनवरची धूळ पुसताना मला एवढंच म्हणाली की तिकडे गेले की मी सगळ्यांची मावशी होईन आणि मी माझी अशी राहणार नाही. महिना संपेपर्यंत काम मिळालं नाही तर जाते, असं तिने थोरल्या आत्याला सांगून टाकलं होतं.

महिना संपत आला असताना एका कारखान्यात जागा असल्याची बातमी लागली. कारखाना म्हणजे दोन मोठ्या खोल्या. तिथे स्वयंपाक्यांचे आणि दवाखान्यातल्या लोकांचे एप्रन शिवतात. मालकीणबाई हौशी होत्या. आजवर त्या माणसं स्वतः निवडायच्या, म्हणजे समोरच्या बाईशी चहा प्यायच्या आणि मन काय म्हणतं ते ऐकायच्या. मनाने लागोपाठ तीन गोड बायका निवडल्या आणि तिघींच्या शिवणी उसवल्या. परत आलेला माल उसवून पुन्हा शिवायचा तो बाकीच्यांनी. शेवटी कापडं बेतणारे मास्तर त्यांना म्हणाले, बाई, तुम्ही कामगार निवडता की सून?

बाईंना ते लागलं, पण त्यांनी मनावर घेतलं. नवी पद्धत ठरली. पडद्यामागे प्रत्येकीने एकसारख्या कापडावर एकसारख्या दोऱ्याने एक खिसा बसवायचा. खिशाच्या आतल्या बाजूला मेणाच्या खडूने नंबर घालायचा. पडद्याच्या अलीकडे मास्तर आणि दोन जुन्या शिवणाऱ्या बायका फक्त खिसे बघतील. चेहरा, नाव, गोड बोलणं, काही नाही. मी आत्याबरोबर गेले होते आणि दाराजवळच्या बाकावर बसले होते, म्हणून मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

पाच जणी होत्या. त्यांतली एक इतकी हसतमुख की आल्या आल्या तिने सगळ्यांची चौकशी केली, माझीसुद्धा. मी मनात म्हटलं, आलं हे गोडबोलं प्रकरण. आत्या कुणाशी काही न बोलता मशीनवर बसली, पायाने दाब बघितला, आणि कामाला लागली.

खिसे तयार झाले. ते बाहेर न्यायचे होते, पण मध्ये इस्त्रीचं टेबल होतं आणि टेबलामागे इस्त्रीवाले काका. त्यांच्या हाताखालून चुरगळलेलं कापड आजवर पुढे गेलेलं नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी काही विचारलंही नाही. त्यांनी पाचही खिसे उलटसुलट झकास दाबले आणि मास्तरांपुढे ठेवले.

परीक्षकांचं एकमत काही लवकर होईना. एका बाईंना गोलसर कोपरा आवडत होता, दुसरीला टीप जितकी बारीक तितकं बरं. मास्तरांना टोकदार कोपरा हवा, कारण त्यांचे गुरू तसं शिकवायचे. मला बाकावर बसून वाटलं, पडदा लावला तरी आवड काही पडद्याबाहेर राहत नाही. पण निदान वाद खिशावरून होता, कुणाच्या कपाळावरून नाही. शेवटी तिघांनी एक खिसा उचलला. मास्तरांनी तो खेचून बघितला, उलटा केला, आणि नंबर शोधायला लागले.

नंबर नव्हता. कुठल्याच खिशावर नव्हता. मेणाचा खडू इस्त्रीखाली विरघळून जातो हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, इस्त्रीवाल्या काकांना तर सगळ्यात जास्त. काकांनी डोक्याला हात लावला. मास्तरांची मान हळूहळू काकांकडे वळली.

मालकीणबाईंनी पडदा बाजूला केला आणि सगळ्या जणींना पुढे बोलावलं. एवढा खटाटोप करून शेवटी चेहरे समोर आलेच. बाईंनी खिसा वर धरला आणि विचारलं, कुणाचा?

"माझा," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात तो शब्द असा आला की जणू कुणीतरी तिचा खिसा चोरला होता.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांचं जुनं मन जागं झालंय. त्या हसतमुख बाईकडे वळल्या. "तुमचा आहे ना हा?"

तिने नुसती मान हलवली असती तरी काम तिचं होतं. कुणाकडे काही पुरावा नव्हता. मी तर धरूनच चालले होते.

"नाही हो," ती म्हणाली. "माझा तो कडेचा. माझा कोपरा नीट बसलाच नाही. हा यांचाच, मी शेजारीच होते, बघितलाय मी."

मी त्या बाईबद्दल मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं गिळलं. मालकीणबाईंना मात्र अजून धीर होईना. त्या म्हणाल्या, मग परत एकदा सगळ्या जणी समोर बसून शिवूया का? त्यावर मास्तर म्हणाले की समोरच बसवायचं होतं तर पडदा शिवायला माझं कापड कशाला घालवलं.

बाईंनी आत्याला सरळ विचारलं, "तुम्ही रागावलात का आमच्यावर?"

"नाही. माझा चेहराच असा आहे," आत्या म्हणाली. "त्याला मी काही करू शकत नाही. खिशाला करू शकते."

बाईंनी खिसा पुन्हा एकदा उलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला समोरून पाहिलं असतं तर घेतलं नसतं. खरं सांगते."

"माहीत आहे मला."

"सोमवारपासून या."

माझा जीव भांड्यात पडला. इस्त्रीवाल्या काकांचा माझ्याहून जास्त, कारण ते तिथेच स्टुलावर बसले. कडेचा खिसा मास्तरांनी पुन्हा हातात घेतला होता आणि ते त्या हसतमुख बाईला पत्ता विचारत होते, आमचं दिवाळं निघालं नाही तर पुढच्या जागेला बोलावतो म्हणाले. बोलावतील की नाही मला माहीत नाही. बोलवावं असं फार वाटतं.

रस्त्यात समोरून येणारे लोक नेहमीसारखे आत्याला वाट करून देत होते. घरी आल्यावर ती खोलीत गेली, चप्पल न काढताच थोरल्या आत्याला फोन लावला.

"ताई, मी येत नाही. मला काम मिळालं."

पलीकडून घाबरा आवाज आला, मला दारातही ऐकू आला. "अगं, मग आवाज असा का तुझा? काय झालं? काही वाईट घडलंय का?"

"नाही ग. आनंद झालाय मला," आत्या त्याच सुरात म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. "फार आनंद झालाय. तुला दिसत नाही म्हणून सांगते आहे."