अम्माच्या भिंतीवरचा फरारी

मी गाव सोडलं तेव्हा मे महिना होता आणि माझ्या अंगात लोकरीचा कोट होता. एजंटाने "ऑफिसातली नोकरी" असं सांगितलं होतं, आणि दापोलीकडच्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात ऑफिस म्हणजे कोट, इतपतच जगाची माहिती होती. कोट मावसभावाच्या लग्नातला, मापही त्याचंच. एसटी दीड तास उशिरा आली. तेवढा वेळ अख्खा मोहल्ला स्टँडवर उभा राहून मला विरघळताना बघत होता, पण मी कोट काढला नाही. अम्मा पदराने माझं कपाळ पुसत होती. अब्बा मचव्यावर खलाशी, बोलण्यापेक्षा वल्हं मारणं सोपं जाणारा माणूस. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जिथं जाशील तिथं नाव राख."

राखलं. दीड वर्षात पेपरात छापून आलं, फोटोसकट. कसं ते आज सांगतो. मोहल्ल्यात राहिलेले जे मला दुबईचा शेठ म्हणतात त्यांनी ऐकावं, आणि माझ्यासारखे इकडे येऊन बसलेत त्यांनी तर जरूर ऐकावं. ही गोष्ट मी तीसेक वर्षं दाबून ठेवली होती. ती उकरून काढली अमेरिकेच्या इतिहासाने.

माझी मुलगी झोया तेरा वर्षांची. आम्ही दुबईत अल बर्शाला राहतो, तिची शाळा दोन सिग्नल पलीकडे, अमेरिकन सिलॅबसची. म्हणजे पोरगी दापोलीची, जन्म दुबईचा आणि पाठ करते व्हर्जिनियाचा इतिहास. गेल्या टर्मला तिच्या बाईंनी प्रोजेक्ट दिलं: अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची अशी माणसं शोधा, ज्यांना पुस्तकात जागा मिळालेली नाही. झोया म्हणाली, तिला एक इंडियन सापडलाय. मी बापाच्या अधिकाराने समजावलं, अगं ते रेड इंडियन, कोलंबसाने घातलेला घोळ. तिने माझ्याकडे ट्रॅफिक पोलीस बघतो तसं बघितलं.

"नो, पप्पा. ईस्ट इंडियन. लाइक, अस."

मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण खरंच होतं. इंग्रजांच्या जहाजांवरून आपल्याकडची काही माणसं आधी लंडनला नेली गेली, नोकर म्हणून, आणि तिथून पुढे समुद्रापार तंबाखूच्या मळ्यांवर. अमुक वर्षं मालकाची चाकरी करायची, मग सुटका, असा करार. काहींना सुटकेचं तेवढं वचनही मिळालेलं नव्हतं. कारकुनांना कळेना यांना कुठल्या रकान्यात घालायचं, म्हणून काहींना ज्या रकान्यात जागा होती त्यात घातलं, आणि तिथे ती माणसं हरवली. मुळात तिथलेच असलेल्यांची, आफ्रिकेतून बांधून आणलेल्यांची आणि इंग्लंडातून आलेल्या गरीब मोलकरणींचीही हीच गत, झोया सांगत होती. त्यांच्या हातचं लिहिलेलं फारच थोडं उरलंय.

"मग तुला सापडले कसे?" मी विचारलं.

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ही माणसं पळून जायची, आणि मग मालक पेपरात जाहिरात द्यायचे. माणूस एवढा उंच, रंग असा, अंगात जाडाभरडा कोट, इंग्रजी बरं बोलतो, आसरा देईल त्याची खैर नाही, पकडून आणील त्याला बक्षीस. झोया तावातावाने बोलत होती. पप्पा, यांच्याबद्दल जे उरलंय ते त्यांच्या मालकाने रागात लिहिलेलं आहे, आणि तरी त्यातूनच कळतं की असा एक माणूस होता.

बायकोने चहा आणून ठेवला. मी तो तसाच घेतला आणि जीभ भाजून घेतली. कारण त्या क्षणी मला आमच्या गावच्या घराची भिंत दिसत होती. तिथे एका फ्रेममध्ये माझी अशीच जाहिरात लटकते आहे.

आता मागचं सांगतो. त्या कोटात मी दुबईला उतरलो. ऑफिस रास अल खोरला निघालं आणि ते ऑफिस नव्हतं, स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन होतं. माझा हुद्दा होता ट्रकमधून गिअरबॉक्स उतरवणं. पासपोर्ट मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या कपाटात. तेव्हा ती रीतच होती, कुणी प्रश्न विचारत नसे. चौदा महिने गेले आणि गावाहून निरोप आला, अब्बांनी अंथरूण धरलंय. मी रजा मागितली. मुदीर म्हणाला, इन्शाल्ला. इथे राहिलेल्यांना सांगायला नको, त्याचा तो इन्शाल्ला म्हणजे खलास.

मग मी आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा केला, आणि तो फक्त आमच्या मोहल्ल्यातला माणूसच करू शकतो. जुम्याची नमाज झाली आणि मी कोट घालून गोडाऊनऐवजी सरळ खाडीवर गेलो. खलाशाचा पोरगा मी. समुद्र इथे तो समुद्र तिथे, मध्ये पाणी. एखादा नाखवा ओळखीचा निघेल, नाहीतर अब्बांना ओळखणारा तरी निघेल, घेईल गलबतावर आणि दाभोळला सोडील. पासपोर्ट, इमिग्रेशन वगैरे गोष्टी विमानाच्या लोकांसाठी असतात अशी माझी समजूत. एका कच्छी नाखव्याला मी अब्बांचं नाव सांगितलं आणि फळीवर पाय ठेवला. त्याने मला कोटापासून चपलेपर्यंत पाहिलं.

"ये सोमालिया जा रहा है, भाई. तेरे बाप का घर उधर है क्या?"

गलबतावरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. हसता हसता लक्षात आलं की परत गोडाऊनलाही जाता येत नाही. मुदीरने हजेरी घेतली असणार.

त्या दिवसापासून सात महिने मी शारजात, आमच्याच मोहल्ल्यातल्या इब्राहिमभाईंच्या खोलीत लपलो. जिन्यात बूट वाजले की मी बाथरूममध्ये. शेजारच्या बंगाल्याला वाटायचं या माणसाचं पोट कायमचं बिघडलंय. गावी पत्र टाकायचं नाही, कारण तिकिटावरच्या शिक्क्यावरून पोलीस खोली शोधतील, हा शोधही माझाच. फोन करायचा नाही, कारण मोहल्ल्यात एकच फोन आणि तो सगळ्यांना ऐकू जायचा. आणि एका सकाळी इब्राहिमभाईंनी पेपर पुढे केला. माझा फोटो. तोच, दापोलीच्या स्टुडिओत कोट घालून काढलेला. खाली इंग्रजीत नाव, पासपोर्टचा नंबर, आणि मजकूर: सदर इसम कामावरून फरार आहे, त्याला कुणी कामावर ठेवू नये, आसरा देऊ नये. इब्राहिमभाईंनी पेपर खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "फोटो झकास आलाय."

पुढे सरकारने माफी जाहीर केली, कागदाशिवाय राहिलेल्यांनी आपापल्या देशी जावं म्हणून. मी रांगेत उभा राहिलो आणि घरी आलो. अब्बांच्या मयताच्या चाळिसाव्याचं जेवण आदल्या आठवड्यात होऊन गेलं होतं.

घरात शिरलो तर त्यांच्या रिकाम्या खाटेसमोरच्या भिंतीवर ती जाहिरात. काचेची फ्रेम, कडेला सोनेरी पट्टी. इब्राहिमभाई मधे सुटीवर आले होते. मी त्यांच्या खोलीत आहे हे गावात कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ मी त्यांना घातली होती. पण त्यांच्या बॅगेत खजुराला तो पेपर गुंडाळलेला होता. खजूर अम्माला, फोटोही अम्माला दिसला. इब्राहिमभाईंना काही सुचेना, त्यांनी सांगून टाकलं की कंपनीने कौतुक केलंय. मी उंबऱ्यात उभा होतो आणि अम्मा फ्रेमकडे बोट करून म्हणाली, "इब्राहिम बोलला, कंपनीनं कौतुक केलान."

मी मान डोलावली. झालं. दोन वर्षांनी नवा पासपोर्ट, नवा विझा करून परत आलो. पुढे सगळं कायदेशीर, लायसन्स, फ्लॅट, बायको, झोया. दर सुटीला गावी जायचं आणि त्या फ्रेमखाली बसून मच्छीचं कालवण खायचं. झोया लहान होती तोवर ठीक होतं. ती इंग्रजी वाचायला लागली तसा मी गावी गेलो की पहिल्या दिवशी फ्रेमवर कॅलेंडर टांगायला लागलो.

आता प्रोजेक्टचा शेवटचा भाग होता: तुमच्या घरातलं कुणी देश सोडून गेलं असेल तर त्याचा एखादा जुना कागद मिळवा आणि तो त्या जाहिरातींशेजारी ठेवा. झोया म्हणाली, दादीला व्हिडिओ कॉल करते. आठवडाभर मी टोलवलं. दादीला बरं नाही, दादीचा फोन बिघडलाय, दादी लग्नाला गेलीय. शनिवारी सकाळी अम्मानेच कॉल केला.

स्क्रीनवर नेहमीप्रमाणे अम्माचं कपाळ आणि वरचा पंखा. झोयाने मोडक्या मराठीत विचारलं, दादी, पप्पाचा ओल्ड पेपर हाय का काही, दुबईचा. अम्मा म्हणाली, हाय की, थांब. पंखा हलला, भिंत हलली. मी उठलो, टीव्हीमागे गेलो आणि राउटरची वायर उपटली. चित्र गोठलं. मी नेटवाल्यांना एक शिवी घातली, खरी वाटावी म्हणून जरा मोठ्याने. झोयाने माझ्याकडे न बघता मोबाइल डेटा चालू केला.

फ्रेम आली. अम्माने ती कॅमेऱ्यासमोर धरली होती, दोन्ही हातांनी. झोया वाचू लागली. तिचे ओठ हलायचे थांबले. तिने त्या आठवड्यात अशा तीसएक जाहिराती वाचल्या होत्या, तिला शब्दकोश लागणार नव्हता. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वायर हातात धरून उभा होतो.

"पप्पा," ती हळू म्हणाली. "इज धिस यू?"

"काय लिहिलंय ग त्यात?" अम्मा पलीकडून विचारत होती. "तुझा बाप काय सांगत नाय कधी."

झोया खोटं बोलली असती तर माझं निभावलं असतं, आणि ती बोलेल असं मला क्षणभर वाटलंही. पण तिने फोन माझ्यासमोर धरला. माझ्या डोळ्यांपुढे ती फ्रेम, फ्रेममध्ये तो कोट, आणि मागे अम्मा कुठेतरी, न दिसणारी. पंचाहत्तर वर्षांची बाई. तीसेक वर्षं जिने आल्यागेल्याला कौतुक म्हणून दाखवलं, तिला आता काय सांगायचं?

"अम्मा, त्यात लिहिलंय मी कामावरून पळून गेलोय. कुणी मला घरात घेऊ नये."

स्क्रीनवर फ्रेम तशीच राहिली. मला वाटलं पुन्हा नेट गेलं. मग फ्रेम खाली झाली आणि पहिल्यांदाच अम्माचा पूर्ण चेहरा दिसला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या अब्बानं त्याच आठवड्यात पोस्टातल्या बाबूकडून वाचून घेतलान."

"मग भिंतीवर कशाला लावलं?"

"चार-पाच महिने तुझं पत्र नव्हतं, सलीम. कुणी बोलायचं जेलात हाय, कुणी बोलायचं मेला. बाबूनं वाचलान, पळाला. तुझा अब्बा उठून बसला अंथरुणात. बोलला, पळाला म्हंजे पाय धड हायत. लाव समोर, मला दिसंल असा."

मी खाली बसलो, राउटरशेजारीच. एवढी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, तू लपवत होतास, मी कशाला तुला उघडा पाडू? मग झोयाला म्हणाली, पोरी, फोटू काढलास का नीट, माझा हात दुखतोय.

झोयाने स्क्रीनशॉट घेतला. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर डावीकडे व्हर्जिनियाची जाहिरात आहे, नाव नसलेल्या माणसाची, आणि उजवीकडे माझी. खाली तिने इंग्रजीत एकच ओळ लिहिलीय: डावीकडच्या माणसाच्या घरी ही बातमी पोचली नाही.

या सुटीला मी गावी जाणार आहे. कॅलेंडर टांगणार नाही. अम्माला विचारलं होतं, आता काढूया का ती फ्रेम. नको म्हणाली. त्या जागी नुसती भिंत बघायची तिला सवय नाही.