पोछ्याचं मशीन

अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या कंबरेची फिल्म उजेडासमोर धरली आणि माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाले, "मणक्यातली गादी सरकली आहे. यांना वाकू द्यायचं नाही. वजन उचलायचं नाही. झाडूपोछा तर पूर्ण बंद." कंबर माझी आणि सूचना त्याला. राग मला तिथेच यायला हवा होता, पण मी उलट खूश झाले. म्हटलं, बरं झालं, त्याच्याच कानावर गेलं. आता घरी वेगळं सांगत बसायला नको.

बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

रिसोडला परत येताना पातूरचा घाट चढून वर आलो. तेव्हा तो एकदम म्हणाला, "काई टेन्शन घेऊ नको. आता मशीन येते. झाडते बी अन् पोछा बी मारते. आपलं आपलं फिरत राह्यते. पोराले इचारतो मी."

गाडीत आम्ही दोघंच होतो. मला वाटलं होतं, तो म्हणेल, मी करतो.

आमचं घर दुकानाच्या मागे आहे. पुढे धान्याची आडत, मध्ये हॉल, मग एक बोळ, सासूबाईंची खोली, आमची खोली, देवघर, स्वयंपाकघर. जसजसे पैसे आले तसतशी एकेक खोली वाढत गेली, त्यामुळे हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, बोळात शहाबादी, आणि प्रत्येक दाराला चांगला चार बोटं उंच उंबरठा. सोयाबीनच्या हंगामात दुकानातलं कुटार, शेंगांचा बारीक भुसा, वाऱ्यानं थेट देवघरापर्यंत जातं. आम्ही जैन. सासूबाईंचा नियम असा की फरशी पुसायचं पाणीसुद्धा गाळून घ्यायचं, कोपऱ्यात मुंग्या दिसल्या तर त्यांना मऊ झाडणीनं हळूच बाजूला करायचं, आणि मगच पोछा. बाहेरची बाई हे सगळं पाळेल याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून कामाला बाई कधी लावलीच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून फरशी मीच पुसत आले. जीवदया घरातल्या सगळ्यांची, पण वाकायची मी एकटी.

मशीन निवडायला सुरुवात झाली आणि आमच्या घरात एखादं स्थळ बघावं तशी धामधूम उडाली. जेवताना त्याच्या ताटाशेजारी मोबाइल आणि मोबाइलमध्ये कोणीतरी पोरगा फरशीवर कॉफी सांडून मशीन फिरवून दाखवतोय. माझा नवरा घास हातात धरून बघत राहायचा. "पाह्य, पाह्य, कसं ओढते!" मी इतकी वर्षं पुसत होते, तेव्हा त्यानं मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगा रोज फोनवर. नवऱ्याचा जवळच्या मालेगावचा एक मित्र, त्याचं फ्रिज-टीव्हीचं दुकान, तो एका दुपारी मुद्दाम मोटरसायकलवर आला. दोघं दिवाणावर बसले. मला बसलं की कळ यायची म्हणून मी दाराशी उभी, चहाचा ट्रे घेऊन. ओढ कोणाची जास्त, बॅटरी किती चालते, फडकं ओढत नेणारं घ्यावं की गोल फिरणाऱ्या चकत्यांचं. मित्र म्हणाला, "कॅमेरावालं घेऊ नको. घरातले फोटो कोठी जातीन, काई भरोसा नाई. लेझरवालं घे." मग गालिचा आला की पोछा आपोआप वर उचलणारं एक मशीन निघालं, त्यावर बराच वेळ चर्चा झाली. आमच्या घरात गालिचा नाही.

मी म्हटलं, "उंबरठ्याचं काय?"

कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "अवो, आपल्या घरात एवढे उंबरठे हायेत. थे चढते काय?"

मित्र हसला. "वहिनी, हे टेक्निकल हाये. तुमी चिंता करू नका."

सोयाबीनचं पोतं घेताना हाच माझा नवरा कोपरापर्यंत हात खुपसून तळातले दाणे काढतो, दाताखाली फोडून ओल बघतो, समोरचा कितीही शपथा घेवो. आणि घरात फिरणारं मशीन मात्र त्यानं मोबाइलच्या काचेवरून घेतलं. ज्या फरशीवर ते फिरणार ती फरशी घरात एका माणसाला तळहातासारखी माहीत होती. तिला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मीही माझ्या मोबाइलवर बघत होते. मला मशीन नको होतं असं नाही. मला एक आवडलंही होतं. त्याच्यासोबत एक मोठी पेटी येते. मशीन फिरून आलं की पेटीत शिरतं, कचरा तीच ओढून घेते, फडकं तीच धुते. रोज वाकून काही काढायला नको. मी मुलाला फोन लावला.

"पेटीवालं घे. घाण पाण्याची टाकी रोज मले काढता येनार नाई."

"आई, ती पेटी फार जागा खाते गं. बाबा म्हणतात हॉलमध्ये बरी दिसणार नाही. आणि हे जे आम्ही काढलंय ना, त्याचे रिव्ह्यू एकदम भारी आहेत."

"थ्या रिव्ह्यूवाल्यांच्या घरी उंबरठे हायेत काय?"

तो हसला. "आई, तू पण ना."

पेटी हॉलमध्ये बरी दिसली नसती. हॉलमध्ये तीन वेळा पाणी भरलेली बादली घेऊन वाकलेली बाई मात्र इतकी वर्षं बरी दिसत होती.

मशीन आलं. पेटीविना. गोल, पांढरं, भाकरीच्या तव्याएवढं. माझ्या नवऱ्यानं शेजारच्या दुकानदारांना बोलावून ते दाखवलं. ते हिंदीत बोलायचं. "सफ़ाई शुरू कर रहा हूँ" म्हणालं तसं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई खुर्चीवरून वाकून बघत होत्या.

"याले मुंग्या दिसतात काय?" त्यांनी विचारलं.

"आई, लेझर हाये त्याच्यात."

"लेझरले मुंग्या दिसतात काय?"

मग ठरलं की मशीन सुरू करायच्या आधी कोणीतरी सगळे कोपरे बघून मुंग्या बाजूला कराव्यात. कोणीतरी म्हणजे कोण, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

पहिल्या फेरीत मी मशीनला उचलून एकेका खोलीत ठेवलं, तसा त्यानं घराचा नकाशा काढला. मुलानं पुण्यात बसून त्या नकाशात खोल्यांना नावं दिली आणि आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली. दुकान. हॉल. आजीची खोली. देवघर. किचन. आम्ही दोघं झोपतो त्या खोलीवर लिहिलं होतं, बाबांची खोली.

मी विचारलं, "अन् माझी कोणती?"

"अगं, सगळं घरच तुझं आहे ना!" असं म्हणून तो इतका गोड हसला की दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि उठून गेले. कणिक नेहमीपेक्षा जोरात तिंबली. सगळं घर माझं, म्हणून पुसायचं मी. आणि झोपायला जायचं ते बाबांच्या खोलीत.

ते दोघं माझ्या मागे बोलत राहिले. "काय झालं आईला?" "काई नाई. कंबर दुखते तिची."

मशीन उंबरठा चढत नव्हतं. ते दाराशी जायचं, धडकायचं, मागे सरायचं. हॉल झाला की त्याला उचलून बोळात ठेवायचं, बोळ झाला की सासूबाईंच्या खोलीत, मग आमच्या खोलीत, मग देवघरात, मग स्वयंपाकघरात. शेवटी घाण पाण्याची टाकी काढून मोरीत ओतायची, फडकं धुवायचं, चाकात अडकलेले केस कात्रीनं कापायचे. मुंग्या आधी. नवरा सकाळी दुकानात जाऊन बसायचा आणि गादीवरून मोबाइलचं बटण दाबून मशीन सुरू करायचा. गिऱ्हाइकांना दाखवायचा. "इथून सुरू केलं पाहा. घरात पोछा लागून राह्यला."

एकदा मी म्हटलं, "डॉक्टरांनी वाकू नको सांगतलं. दांडीचा पोछा आणला असता तं मी उभ्यानं तरी मारला असता. आता याले उचलाले वाका लागते."

"आता मशीन आणून देलं तरी तुही तक्रारच!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर दुःख होतं. ते दुःख ऐकून मला आणखी राग आला.

मग ते झालं. सकाळची वेळ, हॉल संपला होता. मी मशीन उचललं, बोळाच्या उंबरठ्यावरून पाय पलीकडे टाकला आणि कंबरेत काहीतरी कट्‌ झालं. मशीन हातातून सुटून उलटं पडलं. मी भिंत धरत धरत खाली बसले आणि तिथेच राहिले. उठता येईना. हाक मारायला श्वास घेतला तरी पाठीतून चमक जात होती. सासूबाई देवळात गेलेल्या. शेजारी मशीन उलटं पडून चाकं फिरवत बोलत होतं, "मैं फँस गया हूँ. कृपया मेरी मदद करें." थांबून पुन्हा तेच.

दुकानातून नवऱ्याची हाक आली. "अवं! मशीन अटकलं! मोबाइलवर आलं पाह्य! सरळ कर त्याले!"

उत्तर देता येत नव्हतं, आणि नंतर नंतर द्यायचंही नव्हतं.

"अवं, ऐकू नाई येत काय? मशीन अटकलं!"

शेवटी तो कुरकुरत आला. बोळाच्या तोंडाशी आला, वाकला, मशीन उचललं, सरळ केलं, त्याच्या कडेला टवका उडाला होता त्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"तू काहून खाली बसली?"

मी आयुष्यात त्याला कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली. कोणती ते लिहीत नाही, पण त्यानं मशीन खाली ठेवलं.

पुढचे काही आठवडे मी पाठीवर झोपून होते. हॉलमध्ये कुटार साचलं, चपलांचे ठसे उमटले. त्यानं दोन-तीन सकाळी मशीन फिरवून पाहिलं. पलंगावरून मला सगळं ऐकू यायचं. ते उचलताना त्याचं कण्हणं, टाकी काढताना घाण पाणी पायावर सांडलं तेव्हाचं "अरे बाप रे." मग तो खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"याले कितले वेळा उचला लागते?"

"जितले उंबरठे हायेत तितले वेळा."

"तू सांगतलं काहून नाई?"

मी एकेक शब्द मोजून बोलले, कारण मोठ्यानं बोललं की कळ यायची. "ऐका. मशीन फक्त हॉलमधी फिरन. बाकीच्या घरात उभ्या दांडीचा पोछा आणा अन् तुमी मारा. पाणी गाळून घ्या. मुंग्या तुमी पाहा. मी बरी झाली तरी तुमीच."

"दुकान कोण पाह्यन?"

"जो मी पोछा मारताना स्वयंपाक पाह्यत होता तोच."

असं कोणी नव्हतं हे कळायला त्याला वेळ लागला.

सासूबाईंनी कडाडून विरोध केला. "माह्या पोराच्या हातात पोछा? लोकं काय म्हणतीन?" मी त्यांना एवढंच म्हटलं की मग मुंग्यांवरून मशीन जाऊ द्या. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोळातून त्यांचा आवाज आला, "तिथं, तिथं कोपऱ्यात पाह्य. हळू! झाडणी दाबू नको, फुंकर मार." त्या खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा मुलगा, आडतीचा मालक, गुडघ्यावर बसून मुंग्यांना फुंकर मारत होता.

मी बरी झाले. पूर्ण नाही, पण चालते-फिरते. फरशी तोच पुसतो.

परवा शेलूबाजारहून माझी धाकटी बहीण आली. तिनं त्याला बोळात दांडी घेऊन बघितलं आणि गालावर हात ठेवला. "बाई, नशीब काढलं वं तू! असा नवरा कोणाले भेटते?"

"तुया घरी फरशी कोण पुसते?" मी विचारलं.

"मी. आनखी कोण?"

"मंग तुया नवऱ्याले कोणी म्हणते काय, नशीब काढलं म्हणून?"

ती हसली. मी हसले नाही. तेवढ्यात तो दाराशी आला, घाम पुसत, खूश. "करा लागते ताई. बायकोले मदत."

"मदत कायची?" मी म्हटलं. "पाय तुमचे बी पडतात ना फरशीवर?"

तो बादली बदलायला गेला. बहीण मला दटावायला लागली, कायले टोचून बोलतं, करते ना बिचारा. करतो. चांगलं करतो. दाराच्या मागची जागासुद्धा सोडत नाही, फडकं पिळतोही व्यवस्थित. आठवडाभरात शिकला. एवढं सोपं होतं त्याला, आणि हेच मला सहन होत नाही. बहिणीला हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडेच कौतुकानं बघत होती. मी चहा टाकायला उठले.