आग्रहाचा घास

आमच्या विहीणबाईंनी उभ्या जन्मात पहिल्या विचारण्याला कधी ‘हो’ म्हटलं नाही. पाणी विचारा, नको. पंखा लावू? नको. चांदवडहून नाशिकला उन्हातान्हात यायच्या, घसा कोरडा पडलेला असायचा, तरी चहाला तीनदा विनवल्याशिवाय कपाला बोट लावायच्या नाहीत. त्या पडल्या मुलाच्या आई! त्यांची ही सवय मला लेकीच्या लग्नात ठाऊक नव्हती. मी तेव्हा पन्नाशीची, चार बुकं शिकलेली, पैठणीत फुगलेली. जिलबीला त्या ‘नको’ म्हणाल्या आणि मी खुशाल पुढच्या पानाकडे वळले, वर त्यांच्या मताचा मान राखल्याचा तोरा! मागून विहीणबाईंचा आवाज आला, “शहरातली लोकं एकदाच इचारता.”

जेवताना मात्र त्यांची जीभ अखंड चालू. घास गालात, गोष्ट ओठात आणि मध्येच स्वतःच्याच विनोदावर हसू. हाताला तर मुळीच विसावा नाही. परवाच्या उन्हाळ्यात आमच्या जावयाच्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. ओळखीची बाई दिसली म्हणून तिला जेवायला बोलवायला दोन्ही हात सोडले, नेमका तिथेच गतिरोधक. डोक्याला जबर मार लागला. शुद्ध आली, आमचे हात ओळखीनं दाबू लागल्या. पण वाचा बंद आणि नाकात नळी.

बोलणं-गिळणं शिकवायला एक तरतरीत थेरपिस्ट मुलगी वॉर्डातच येऊ लागली. त्यांना ताठ बसवायची आणि चमच्यावर उभं राहील इतकं दाट नाचणीचं सत्त्व पुढे धरायची. विहीणबाई मान हलवायच्या, तोंड घट्ट मिटायच्या. असं बरेच दिवस चाललं. शेवटी ती म्हणाली, “आजींना चमचा उमगतच नसावा. असंच राहिलं तर पोटातून नळी घालावी लागेल.” लेकीचे डोळे भरले.

आणि माझ्या डोक्यात जिलबी चमकली. “अगं, त्या नाही म्हणत नाहीयेत, वाट बघतायत!”

“आजी, जबरदस्ती नको हं, घास श्वासनलिकेत जाईल,” मुलीनं मला बजावलं.

“चमचा तुझ्याच हाती राहू दे. मी नुसती बोलते.” पदर सावरून मी समोर बसले. “विहीणबाई, गरिबाघरचं गोड करून घ्या.” मान हलली. “मानपानात काही चुकलं का आमचं?” मान हलली, पण जरा सावकाश. “तुम्ही घेतलं नाहीत, तर मीही आज उपाशी.”

तोंड उघडलं! मुलीची बोटं त्यांच्या गळ्यावर होती. कंठ वर उचलला गेला, खाली आला. “गिळलं! आजी, आता ‘आ’ म्हणा.” फाटका, पण कोरडा ‘आ’ आला. घशात काही अडकलं तर आवाज ओला, घरघरता येतो; कोरडा आवाज ही घास नीट उतरल्याची खूण.

पोरगी हुशार. पुढे तिनं आग्रह उपचारातच घेतला. त्यामुळे अपघातानंतरचा त्यांचा पहिला शब्द कोणता, तर ‘नको’. त्यावर आम्ही वॉर्डात टाळ्या वाजवल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाई बघतच राहिल्या.

नळी निघाली. आता त्या बोलतात, तुटक, शब्द चाचपत. मात्र जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे. हनुवटी खाली, लहान घास, पुरता गिळून मगच दुसरा. आमच्याकडे आल्या की पंगतीला मीच समोर बसते. ज्या बाईच्या बडबडीनं माझी आमटी निवायची, ती आता मुकाट्यानं जेवते. ताटातलं सगळं संपलं की मान वर करून माझ्याकडे बघते आणि म्हणते, “आ.” आवाज स्वच्छ आला, की मग मी माझ्या ताटाकडे वळते.